पाहुणा समर्थक आणि मैदानाचे मालक

४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. मोहन बागानने पूर्वार्धाच्या अखेरीस गोल केला तेव्हा साठ हजारांहून अधिक कंठांचा गजर झाला. उत्तरार्धात मुंबई सिटीने तीन गोल करून करंडक नेला. त्याच मैदानावर अवघ्या १९ दिवसांपूर्वी, १५ एप्रिलला, बागानने मुंबईला २–१ असे नमवून लीगची ढाल जिंकली होती. तेव्हा या पराभवाचे दुःख किती खोल असेल याची कल्पना येते. त्या अफाट समुदायात मुंबईहून गेलेले मूठभर लोकही होते. त्यांच्याविषयी कोणी काही लिहिले नाही. लिहिण्यासारखे काही घडलेच नव्हते. त्यांनी तिकीट काढले, गाणी म्हटली, घसा बसवला आणि ते परतीच्या गाडीला गेले. आपल्या देशात समर्थकाविषयी लिहिले जाते ते खुर्च्या मोडल्या, दगड पडले किंवा माणसे मेली तरच.

आपल्या संघाच्या मागोमाग परगावी जाणारा हा समर्थक कोण असतो? विमानाने येणारा आणि पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत बसणारा असेल तर त्याला समर्थक म्हणत नाहीत, त्याला ‘मान्यवर’ म्हणतात! आम्ही बोलत आहोत तो रजा टाकून, एक-दोन दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडून, मुंबईहून हावड्यापर्यंतचे जवळजवळ २,००० किलोमीटरचे अंतर आगगाडीने कापणाऱ्याविषयी. गीतांजली एक्सप्रेस पहाटे मुंबई सोडते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्याला पोहोचते. नागपूर, रायपूर, बिलासपूर, टाटानगर, खरगपूर. ही गाडी डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झाली तेव्हा मधु दंडवते रेल्वेमंत्री होते आणि त्यांनी ती वर्गविहीन गाडी म्हणून सुरू केली होती. वरचा वर्ग नाही, सारे प्रवासी एकाच दर्जाचे. (दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली तीही त्यांच्याच काळात. आमचे दंडवत्यांशी मतभेद पुष्कळ होते, पण पाठ टेकताना त्यांची आठवण येते, हे कबूल केले पाहिजे.) पुढे त्या गाडीलाही वातानुकूलित डबे जोडले गेले, वर्ग परत आले. गाडीचे जे झाले तेच मैदानाचे झाले. फरक इतकाच की गाडीत निदान साध्या डब्याचे तिकीट अद्याप मिळते.

एका शहरातील एका स्टेडियमच्या दारातला आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. नाव घेत नाही, कारण प्रश्न एका दाराचा नाही. पाण्याची बाटली काढून घेण्यात आली. मग खिशातली नाणी काढून घेण्यात आली, कारण म्हणे ती फेकून मारता येतात. झेंड्याची काठी गेली हे समजण्यासारखे होते, पण बरोबरच्या एका वयस्क साथींच्या मधुमेहाच्या गोळ्यांच्या डबीवरही बराच वाद झाला. आत गेल्यावर तेच पाणी बाहेरच्या कितीतरी पट किमतीला विकत होते. सामना संपल्यावर ‘तुमच्याच सुरक्षिततेसाठी’ आम्हांला बराच वेळ आत थांबवून ठेवले आणि बाहेर सोडले तेव्हा शेवटची बस निघून गेली होती. ज्यांनी हे केले त्यांचा आमच्यावर राग नव्हता. त्यांना तसे शिकविलेच आहे की, पाहुण्या संघाचा समर्थक म्हणजे आधी संशयित आणि मग ग्राहक. माणूस म्हणून त्याचा विचार करण्याची सोय त्या व्यवस्थेत नाही.

‘हा सारा तमाशाच नव्हे काय?’

आपल्यातील काही साथींना हा विषयच क्षुल्लक वाटेल. कामगाराने गाडीभाडे आणि तिकिटाचे पैसे वाचवून युनियनची वर्गणी भरावी, फुटबॉल ही त्याचे लक्ष मूळ प्रश्नावरून उडविण्याची युक्ती आहे, असे म्हणणारे साथी आम्हांला ठाऊक आहेत. त्यांच्या निष्ठेविषयी आम्हांला शंका नाही. परंतु त्यांनी कोलकात्याचा इतिहास एकदा डोळ्यांखालून घालावा.

२९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २–१ असा पराभव करून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. शिबदास भादुडी आणि अभिलाष घोष यांनी गोल केले. अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळत होते. हे सर्वांना माहीत असते. त्या दिवशी मैदानावर लोक आले कसे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. पाटण्याहून आले, आसामातून आले, पूर्व बंगालच्या जिल्ह्यांतून आले. ईस्ट इंडियन रेल्वेला जादा गाडी सोडावी लागली, नदीवर जादा बोटी सोडाव्या लागल्या. एक-दोन रुपयांचे तिकीट काळ्या बाजारात पंधरापर्यंत गेले. काळा बाजारही तेव्हापासूनचाच! खुर्च्यांची राखीव जागा गोऱ्यांच्या क्लबाच्या सभासदांची होती. उरलेले लोक एकमेकांच्या खांद्यांवर आणि झाडांच्या फांद्यांवर. ज्यांना मैदान दिसतच नव्हते त्यांच्यासाठी पतंग उडवून गोल कळविले जात होते. समुदाय ऐंशी हजारांपासून एक लाखापर्यंत असल्याचे अंदाज त्या वेळी केले गेले.

यातले बहुसंख्य लोक सामना ‘पाहायला’ आलेच नव्हते, कारण तो दिसणे शक्यच नव्हते. ते हजर राहायला आले होते. वंगभंगाची जखम तेव्हा ओली होती. त्या समुदायाला कोणत्याही पक्षाने हाक दिली नव्हती. तो स्वतःच्या खर्चाने, रेल्वेने, बोटीने, पायी आला. आपली एखादी राज्य पातळीवरची सभा भरविताना गाड्यांची, भाकरीची, पाण्याची किती खटपट करावी लागते हे ज्यांनी केले आहे, त्यांनी या गोष्टीचा तरी अचंबा मानावा. हा समुदाय अफूच्या गुंगीत होता असे म्हणणे म्हणजे इतिहासापेक्षा स्वतःच्या सूत्रावर अधिक प्रेम करणे होय.

ईस्ट बंगालचेही तसेच. क्लबची स्थापना १ ऑगस्ट १९२० ची, पण तो लाखोंचा झाला फाळणीनंतर. घरदार, शेत, नदी, गाव गमावून सियालदाच्या फलाटावर उतरलेल्या निर्वासिताला या शहरात ‘आपले’ म्हणता येईल अशा फार थोड्या गोष्टी होत्या. एक म्हणजे पडीक जागा ताब्यात घेऊन स्वतः उभारलेली वसाहत, जिच्यासाठी लढताना संयुक्त केंद्रीय निर्वासित परिषदेत कम्युनिस्ट त्यांच्या खांद्याला खांदा लावून होते. दुसरी म्हणजे लाल-सोनेरी रंगाचा हा क्लब. राणाघाट, बनगाव, कल्याणीच्या लोकलने मैदानावर येणारा तो समर्थक एका अर्थी कायमचाच पाहुणा समर्थक होता. यजमान शहर त्याला ‘बाङाल’ म्हणून हिणवीत होते आणि तो शनिवारच्या सामन्यात त्याचे उत्तर देत होता. जिंकल्यावर इलिश घेऊन घरी जाणे ही त्याच्या लेखी नुसती चैन नव्हती. पद्मेच्या काठचे जेवण त्या दिवसापुरते त्याच्या ताटात परत येत असे. बागान जिंकले की घटी मंडळींच्या घरी चिंगडी. मासळीबाजार दोन्ही वेळी खूश!

यातून कष्टकऱ्यांत फूट पडत नाही काय, असा प्रश्न विचारला जातो आणि तो योग्य आहे. पडते. घटी-बाङाल वादाने मारामाऱ्या झाल्या आहेत. आणि १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे मोहमेडन स्पोर्टिंगने कोलकाता लीग जिंकली तेव्हा त्या पराक्रमाकडे जातीय चष्म्यातून पाहणारे दोन्ही बाजूंना होतेच. पण फुटीचे उत्तर मैदान सोडून जाणे हे नव्हे. आपण सोडलेल्या प्रत्येक जागेत कोणीतरी बसतो, आणि तो आपला मित्र नसतो.

१६ ऑगस्ट १९८०

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला, आणि जी लिहिताना हात जड होतो.

१६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा लीग सामना होता. ईडन हे क्रिकेटचे मैदान. पण एवढा समुदाय सामावेल असे फुटबॉलचे स्टेडियम त्या शहरात तेव्हा नव्हते. दोन्ही संघांचे समर्थक एकाच स्टँडमध्ये मिसळून बसविलेले होते. उत्तरार्धात बागानचा बिदेश बसू आणि ईस्ट बंगालचा दिलीप पालित यांच्यात मैदानावर जुंपली, पंचांनी दोघांनाही बाहेर काढले, आणि स्टँडमध्ये मारामारी पेटली. दगड, विटा. लोक जिन्याकडे धावले. जिना अरुंद, खालून वर येणारे वेगळे, वरून खाली कोसळणारे वेगळे. सोळा जण मेले, बहुतेक तरुण. मैदानावर खेळ चालू राहिला होता. घरून सामन्याला म्हणून निघालेली मुले संध्याकाळी परत आली नाहीत. पुढे मन्ना डे यांनी या घटनेवर गायिलेले गीत बंगालभर घरोघरी गेले.

या वेळी राज्यात कोणाचे सरकार होते? आपले. डावी आघाडी जून १९७७ मध्ये सत्तेवर आली होती आणि १६ ऑगस्टच्या त्या दुपारी ईडनच्या दारात उभे असलेले पोलीस आपल्या सरकारचे पोलीस होते. हे वाक्य आपल्या पानांवर यावयास हवे, कारण विरोधकांनी ते पुष्कळदा लिहिले आहे आणि आपण ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकले की रागावतो. सोळा माणसे ही एका बचावपटूच्या धसमुसळेपणाने मेली नाहीत. तो धसमुसळेपणा दर आठवड्याला जगभरच्या मैदानांवर होतो. ती मेली कारण कोणी कोणाशेजारी बसावे, जिना किती रुंद असावा, दार उघडे कोणी ठेवावे, गर्दी एका जागी किती झाली की तिकीटविक्री थांबवावी, यांपैकी एकही प्रश्न समर्थकाच्या जिवाचा प्रश्न म्हणून कोणाच्या टेबलावर नव्हता. तो फक्त ‘बंदोबस्ता’चा प्रश्न होता.

सरकारने त्यानंतर काही केले नाही असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. जानेवारी १९८४ मध्ये नेहरू करंडकाच्या वेळी सॉल्ट लेक स्टेडियम खुले झाले. एक लाख वीस हजार माणसे बसतील असे, जगातील सर्वांत मोठ्या स्टेडियमांत गणले गेलेले. गरीब राज्याच्या सरकारने फुटबॉलच्या सामान्य प्रेक्षकासाठी एवढी वास्तू उभारली, हा अभिमानाचा विषय होता आणि आहे. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन करंडकाच्या उपांत्य सामन्यात तेथे १,३१,७८१ प्रेक्षक जमले, भाईचुंग भुतियाने तीन गोल केले, ईस्ट बंगाल ४–१ ने जिंकले. एवढ्या गर्दीचा दिवस निभावून गेला. पण सिमेंट हे उत्तराचे अर्धेच अंग होते. समर्थकांचे प्रतिनिधी सुरक्षेच्या निर्णयात बसावेत, त्यांना मत असावे, ही मागणी आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर ठळकपणे आली नाही. कामगाराला कारखान्याच्या व्यवस्थापनात वाटा मागणारे आम्ही, त्याच कामगाराला रविवारी मैदानावर मात्र ‘गर्दी’ समजत राहिलो. १६ ऑगस्टला आजही तेथे रक्तदान होते, फुटबॉलप्रेमी दिन पाळला जातो. दोन्ही क्लबांचे लोक एका रांगेत उभे राहून रक्त देतात. ही परंपरा उज्ज्वल आहे. पण रक्त देणाऱ्याला जिन्याच्या रुंदीविषयी कोणी विचारत नाही.

दोष नेहमी मेलेल्याचा

‘समर्थकच दंगेखोर असतात’ हा युक्तिवाद जगात सर्वत्र सारखाच केला जातो, आणि जेव्हा जेव्हा तो तपासला जातो तेव्हा त्याच्यामागे बहुधा एखादा अधिकारी लपलेला सापडतो.

१५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे समर्थक उपांत्य सामन्यासाठी परगावी गेले होते. पोलिसांनी बाहेरचे एक फाटक उघडले, लोंढा आधीच भरलेल्या जाळीबंद कप्प्यांत गेला, माणसे लोखंडी कुंपणाला दाबली जाऊन गुदमरली. ९७ मृत्यू. त्याच दिवशी पोलीस अधिकाऱ्याने खोटे सांगितले की फाटक समर्थकांनी तोडले. भांडवली वृत्तपत्रांनी मृतांना दारुडे आणि चोर ठरविले. बंदरातल्या, गोदीतल्या कुटुंबांनी २७ वर्षे लढा दिला, तेव्हा २०१६ मध्ये ज्यूरीने निर्णय दिला की हे मृत्यू बेकायदेशीर वधाचे होते आणि समर्थकांचा काही दोष नव्हता. शिक्षा? क्लबच्या एका माजी अधिकाऱ्याला दंड. बाकी सारे घरी गेले.

कोणी म्हणेल, पाहुण्या समर्थकांना बंदीच घाला, म्हणजे भांडण मिटले. हा उपाय करून पाहिला गेला आहे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी इंडोनेशियात मलंग येथील कांजुरुहान मैदानावर पाहुण्या संघाच्या समर्थकांना येऊच दिले नव्हते. समोर शत्रू नव्हता, एकच रंग होता. हरलेल्या यजमान संघाचे काही प्रेक्षक मैदानात उतरले, पोलिसांनी स्टँडवर अश्रुधुराची नळकांडी सोडली, लोक दारांकडे धावले आणि काही दारे पुरेशी उघडी नव्हती. १३५ माणसे मेली, त्यांत मुले होती. पाहुणा समर्थक नसतानाही जर १३५ माणसे मरतात, तर मारणारा दुसराच कोणी आहे हे कळावयास फार मोठी विद्वत्ता लागत नाही. आणि दूर कशाला जावे? ४ जून २०२५ रोजी बंगळुरूत क्रिकेटच्या विजयोत्सवात चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ११ जण चेंगरून मेले. तेथे तर सामनाच नव्हता!

समर्थक देवदूत असतात असे आम्ही म्हणत नाही. ९ डिसेंबर २०१२ रोजी सॉल्ट लेकवरील सामन्यात ओडाफाला बाहेर काढल्यावर स्टँडमधून दगड आले आणि बागानचाच खेळाडू रहीम नबी जखमी होऊन पडला. ज्याने तो दगड मारला त्याचे समर्थन कोणीही करू नये. पण दगड मारणाऱ्या एकाला शोधण्याऐवजी साठ हजारांच्या बाटल्या काढून घेणे, याला न्याय म्हणत नाहीत. आळस म्हणतात.

तिकीट कोणाचे, मैदान कोणाचे?

१३ डिसेंबर २०२५ चा प्रसंग अजून ताजा आहे. लिओनेल मेस्सी सॉल्ट लेकवर येणार म्हणून दूरदूरच्या जिल्ह्यांतून आणि शेजारच्या राज्यांतून माणसे आली. तिकिटे हजारो रुपयांची. २०११ मध्ये हाच मेस्सी याच मैदानावर अर्जेंटिनाकडून व्हेनेझुएलाविरुद्ध खेळून गेला होता. तेव्हा निदान फुटबॉल झाला. या वेळी सामना नव्हता, दर्शन होते. आणि दर्शनही देवाचे नव्हे, त्याच्याभोवती गोळा झालेल्या पुजाऱ्यांचे! मंत्री, अधिकारी, आयोजक, त्यांचे आप्त, छायाचित्र काढून घेणारे अशा कड्यात तो साधारण वीस मिनिटे होता आणि मग निघून गेला. ज्यांनी महिन्याच्या कमाईचा मोठा भाग देऊन तिकीट घेतले होते त्यांना त्याचे डोकेही दिसले नाही. मग खुर्च्या उखडल्या, बाटल्या फेकल्या, मैदानात लोक उतरले. मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांना माफी मागावी लागली, निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली, मुख्य आयोजकाला अटक झाली, क्रीडामंत्र्यांना खाते सोडावे लागले.

त्या दिवशी खुर्च्या मोडणाऱ्यांवर बरीच नैतिक प्रवचने झाली. खुर्ची मोडणे चूक आहे, ती जनतेच्या पैशाची असते. पण आमचा सवाल आहे : मैदानाच्या मध्यभागी तिकिटाशिवाय उभे असलेल्या शेकडो ‘मान्यवरां’नी जे मोडले त्याची किंमत कोण मोजणार? १९११ साली खुर्च्यांची बाजू गोऱ्यांची होती आणि बाकीचे झाडावर होते. आता फक्त झाडे तोडली गेली आहेत.

हा प्रकार एका दिवसापुरता नाही. क्लबच कोणाचा, हा मूळ प्रश्न आहे. आम्हा मुंबईकरांना याचा अनुभव जुना आहे. आमच्याकडे संघ बहुधा कंपन्यांचे. कूपरेजवर रोव्हर्स करंडक भरत असे, कोलकात्याचे मोठे क्लब येत, आणि त्यांच्यासमोर आमचे गिरण्यांचे, तेल कंपन्यांचे, विमान कंपनीचे संघ उभे राहत. खेळाडूला नोकरी मिळे हे खरे. पण मालकाच्या मनात आले की संघ संपे. महिंद्र युनायटेड २००६ साली राष्ट्रीय विजेते होते आणि २०१० मध्ये कंपनीने संघ मोडून टाकला. पंजाबातील जे.सी.टी. २०११ मध्ये गेले. मुंबई एफ.सी. २०१७ मध्ये. समर्थकाला कोणी विचारले? गिरणीला टाळे लागताना गिरणी कामगाराला विचारले होते तितकेच. २०१९ मध्ये मुंबई सिटीत बहुसंख्य भाग विकत घेणारा परदेशी उद्योगसमूह २०२५ च्या डिसेंबरात बाहेर पडला, तेव्हाही लीगच्या ‘व्यापारी अनिश्चितते’चे कारण पुढे आले. ज्या माणसाने गीतांजलीत दोन रात्री काढल्या, त्याच्या आयुष्यातील अनिश्चिततेचा हिशेब त्या पत्रकात नव्हता.

कोलकात्याचे क्लब सभासदांचे, म्हणून तेथे ही गोष्ट इतकी सोपी गेली नाही. २०२० मध्ये मोहन बागानच्या फुटबॉलचा मोठा हिस्सा एका उद्योगसमूहाकडे गेला आणि १८८९ पासूनच्या नावाला दुसऱ्याच संघाची तीन अक्षरे चिकटविण्यात आली. समर्थकांनी ती सहन केली नाहीत. स्टँडमध्ये, रस्त्यावर, सामन्यामागून सामन्यात ते ‘काढा’ म्हणत राहिले आणि २०२३ मध्ये ती अक्षरे काढावी लागली. (तिथे आता ‘सुपर जायंट’ आहे. लढाई अर्धीच जिंकली!) ईस्ट बंगालचे समर्थक २१ जुलै २०२१ रोजी गुंतवणूकदाराबरोबरच्या कराराच्या वादावरून क्लबच्या तंबूसमोर जमले, तेव्हा त्यांच्यावर लाठीमार झाला. तेव्हा राज्यात आपले सरकार नव्हते. लाठी तीच होती.

संघटित समर्थक काय मिळवू शकतो याची उदाहरणे बाहेरही आहेत. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी लिव्हरपूलचे हजारो समर्थक ७७ पौंडांच्या प्रस्तावित तिकिटाच्या निषेधार्थ ७७ व्या मिनिटाला उठून चालते झाले, आणि क्लबला ती दरवाढ मागे घ्यावी लागली. त्याच वर्षी इंग्लंडच्या प्रीमियर लीगने पाहुण्या समर्थकाच्या तिकिटावर ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली. जर्मनीत बहुमत सभासदांच्या हाती ठेवणारा नियम आहे. तेथे २०२४ च्या फेब्रुवारीत समर्थकांनी मैदानावर टेनिसचे चेंडू फेकून सामने अडविले आणि प्रक्षेपणहक्कांत गुंतवणूकदार आणण्याचा लीगचा व्यवहार हाणून पाडला. यांपैकी कोणतीही गोष्ट मालकांच्या सद्बुद्धीने झाली नाही.

तीन रंगांचा मोर्चा

९ ऑगस्ट २०२४ रोजी आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात एका तरुण महिला डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या झाली. बंगाल पेटून उठला. १८ ऑगस्टला ड्युरंड करंडकात बागान आणि ईस्ट बंगाल समोरासमोर येणार होते. स्टँडमधून न्यायाची मागणी होणार हे उघड होते, आणि सुरक्षेचे कारण देऊन सामनाच रद्द करण्यात आला. सामन्याला पोलीस पुरत नव्हते. पण सामना रद्द झाल्यावर स्टेडियमबाहेर जमलेल्या समर्थकांना हुसकावण्यास ते भरपूर पुरले! भर पावसात हिरवा-तांबडा, लाल-सोनेरी आणि मोहमेडनचा काळा-पांढरा असे तिन्ही झेंडे एकत्र होते. एकमेकांच्या खांद्यांवर चढलेली ती मुले आदल्या आठवड्यापर्यंत एकमेकांना शिव्या देत होती. बागानचा कर्णधार सुभाशीष बसूही निषेधात आला. त्यांच्यावर लाठ्या चालल्या.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी याच दोन रंगांच्या समर्थकांना एका स्टँडमध्ये कोंबले तेव्हा सोळा मेले होते. १८ ऑगस्टला ते आपणहून एकत्र आले आणि कोणी कोणाला दगड मारला नाही. ‘फुटबॉल फूट पाडतो’ म्हणणाऱ्या आमच्या साथींनी त्या संध्याकाळचे छायाचित्र शाखेच्या कार्यालयात लावावे, अशी आमची सूचना आहे. आणि छायाचित्र लावून थांबू नये. त्या गर्दीतील किती जणांना आपण नावाने ओळखत होतो, हेही शाखेच्या बैठकीत विचारावे.

कामाचे मुद्दे साधे आहेत. पाहुण्या समर्थकाच्या तिकिटाला मर्यादा हवी आणि ती यजमानाच्या स्वस्तातल्या तिकिटापेक्षा जास्त नसावी. पिण्याचे पाणी फुकट हवे, औषध काढून घेण्याचा अधिकार कोणालाही नसावा. स्टँडवर अश्रुधूर सोडण्यास बंदी हवी, आणि सामना चालू असताना कोणत्याही दाराला कुलूप नको. सुरक्षा समितीत दोन्ही क्लबांच्या समर्थकांचे निवडून आलेले प्रतिनिधी हवेत. चौकशी समित्यांचे अहवाल छापून मिळावेत, फायलीत नव्हे. हे सारे कोलकात्याला लागू आहे तसेच अंधेरीच्या सात-आठ हजारांच्या मैदानालाही, आणि मुंबईतील साथींनी आधी तेथे मागावे. ‘कोलकात्यात काय चालते पाहा’ असे म्हणण्याचा अधिकार त्यानंतर.

आणि गाडीची गोष्ट. ऑगस्ट २०२५ पासून हावडा मैदानापासून सॉल्ट लेक स्टेडियमपर्यंतची मेट्रो अखंड झाली आहे. मुंबईहून आलेला समर्थक आता हावड्याला उतरून नदीखालून थेट मैदानाजवळ जाऊ शकतो. रात्रीचा सामना संपल्यावर त्याला आणि त्याच्या बरोबरीने बनगाव, राणाघाट, कल्याणीला जाणाऱ्या हजारोंना शेवटची गाडी मिळते की नाही, हे मात्र त्या रात्रीच्या नशिबावर सोडलेले असते. १९११ साली ईस्ट इंडियन रेल्वेने, म्हणजे परकीय कंपनीने, सामन्यासाठी जादा गाडी सोडली होती. सियालदा विभागाच्या व्यवस्थापकांकडे प्रत्येक मोठ्या सामन्याच्या रात्री सामना संपल्यावर तासाभराने सुटणाऱ्या जादा लोकलची मागणी लेखी करावी, त्यावर तिन्ही क्लबांच्या समर्थक संघटनांच्या सह्या घ्याव्यात, आणि त्या सह्या गोळा करण्यास आपल्या रेल्वे कामगार साथींनी पुढच्या डर्बीच्या आधी गेटवर उभे राहावे.